साडेदहाच्या आधीचे तीन तास

शुक्रवार, २४ ऑगस्ट २००१

गणपती बसून दोनच दिवस झाले होते. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे कार्यकर्त्यांच्या घरच्या गणपतींच्या दर्शनाला फिरत असताना ठाण्यात वंदना एसटी डेपोजवळ त्यांच्या गाडीची एसटी बसशी टक्कर झाली. पायाला जबर मार बसला. त्यांना सुनीतिदेवी सिंघानिया रुग्णालयात दाखल केलं. रेमंडवाल्या सिंघानियांचं रुग्णालय ते. ठाणेकर नुसतं ‘सिंघानिया’ म्हणत.

ज्यांनी तेव्हाचं ठाणं पाहिलं नाही त्यांना हा रुग्ण कोण होता हे सांगावं लागेल. या माणसाने कधी निवडणूक लढवली नाही. टेंभी नाक्यावरच्या आनंदाश्रमात त्यांचा दरबार भरे, आणि नळाला पाणी नाही इथपासून सासरचे नांदवत नाहीत इथपर्यंत काहीही घेऊन लोक तिथे जात. आमच्या सोनिवलीतून, बदलापुरातून, अंबरनाथ-उल्हासनगरातून पहाटेची लोकल पकडून जात. जिल्हा तेव्हा अखंड होता, पालघर वेगळं व्हायला अजून तेरा वर्षं होती. त्यामुळे खाटेवर एक माणूस होता, पण त्याचे ‘नातेवाईक’ बदलापूरपासून तलासरीपर्यंत पसरलेले होते. कोणत्याही रुग्णालयाच्या केसपेपरवर नातेवाइकासाठी एकच ओळ असते.

रविवार, २६ ऑगस्ट, दिवसा

गणपतीचा पाचवा दिवस. बऱ्याच घरांत विसर्जनाची गडबड. दिघ्यांच्या पायावर शस्त्रक्रिया झाली.

मी तेव्हा माणकिवलीच्या एमआयडीसीत पाळीवर होतो. चहाच्या सुट्टीत विषय निघाला की प्रत्येक जण एकच वाक्य बोले, “काही नाही रे, पायाचंच आहे.” दिलासा म्हणून बोललेल्या या वाक्यातच मला पुढच्या आगीची पहिली काडी दिसते. आता दिसते, तेव्हा मीही तेच बोलत होतो. रुग्णालयात ‘पायाचंच’ असं काही नसतं. हाड मोडतं, रक्त जातं, भूल दिली जाते, माणूस आडवा पडून राहतो, आणि या सगळ्याचा भार शेवटी हृदयावर आणि फुप्फुसांवर येतो. डॉक्टरला हे इतकं ठाऊक असतं की सांगायचं राहून जातं. घरच्यांच्या डोक्यात मात्र पाय हा पाय असतो आणि काळीज हे काळीज. या दोन समजुतींमधलं अंतर जोवर सगळं ठीक चाललेलं असतं तोवर कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी ७.१५

पहिला हृदयविकाराचा झटका.

संध्याकाळी ७.२५

दहा मिनिटांनी दुसरा.

अशा वेळी दाराच्या आत काय चालतं ते बाहेरच्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पाहिलं तर कदाचित हात उचलायच्या आधी हातच गळून पडतील. एक जण खाटेशेजारच्या पायरीवर चढून, कोपर ताठ ठेवून छातीवर दाब देत असतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. बरगड्या मोडतात, आणि मोडल्या तरी थांबायचं नसतं. दोन मिनिटांत तो घामाने निथळतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. सिस्टर घड्याळाकडे पाहत तीन ते पाच मिनिटांनी अॅड्रिनॅलिन देते आणि देताना वेळ मोठ्याने सांगते. कुणीतरी त्याच वेळी केसपेपरवर ती लिहून घेतं. मावशी जमिनीवर पडलेली वेष्टनं पायाने बाजूला सारत असते, कारण कुणी घसरता कामा नये. खोलीत सात-आठ माणसं असूनही गोंधळ नसतो, फक्त आकडे बोलले जातात.

आणि या सात-आठ जणांपैकी एकालाही बाहेर जाऊन काही सांगायची सवड नसते. कसलाही दोष नसताना इथूनच घोळ सुरू होतो. जे जाणतात ते आत गुंतलेले, आणि बाहेर जे उभे आहेत त्यांना काहीच कळत नाही.

रात्री ८

बाहेर गर्दी वाढत गेली. मोबाइल तेव्हा मूठभर लोकांकडे होते, आलेल्या फोनलाही पैसे पडत. बातमी चालायची ती एसटीडी बूथवरून, शाखेवरून, स्टेशनवर उतरलेल्या माणसाच्या तोंडून. अशी बातमी प्रत्येक तोंडात थोडी बदलते. ‘झटका आला’चं ‘सिरियस आहेत’ होतं, ‘सिरियस आहेत’चं ‘लपवतायत’ होतं. हा शेवटचा शब्द आला की मग आतून कुणी काहीही सांगितलं तरी त्याचा पुरावाच होतो. डॉक्टर बाहेर आला तर “बघा, आता सारवासारव करायला आला.” नाही आला तर “बघा, तोंड दाखवत नाही.”

रात्री ९

इथे मी माझी गोष्ट सांगतो, कारण या तासात मी स्वतः बसलेलो आहे. त्या रविवारी नव्हे, नंतर काही वर्षांनी, आणि त्या रुग्णालयात नव्हे. आमच्याच पट्ट्यातल्या एका रुग्णालयात, नाव नको. वडिलांना धाप लागली म्हणून नेलं होतं. रात्री नऊला त्यांना आत घेतलं आणि दार लागलं.

पहिला अर्धा तास माणूस शहाणा असतो. बिल, औषधाची चिठ्ठी, बहिणीला फोन, यात वेळ जातो. मग हात रिकामे होतात. बाकडं लोखंडी होतं, त्याची एक पट्टी निखळलेली. दार उघडलं की आम्ही सगळे उठून उभे राहायचो. वॉर्डातले मामा ट्रे घेऊन बाहेर आले, आम्ही त्यांचं तोंड वाचत राहिलो. सफाईवाली मावशी बाहेर आली, तिचंही तोंड वाचलं. एक सिस्टर जाता जाता हसली. ती दुसऱ्याच कुणाशी बोलताना हसली होती, पण ते हसू मी पुढची चाळीस मिनिटं मनात घोळवत बसलो. आधी आशेने, मग रागाने. माझा बाप आत आहे आणि ही हसते?

पावणेबाराला मी आत घुसलो आणि टेबलावर हात आपटला. “काय चाललंय काय इथे? सांगायला तोंड आहे की नाही?” समोर पंचविशीची डॉक्टर होती. तिच्या हातातून पेन पडलं. ती ते उचलायला वाकली तेव्हा तिचा डावा तळहात मला दिसला. त्यावर बॉलपेनने तीन खाटांचे नंबर आणि प्रत्येकापुढे रक्तदाबाचे आकडे लिहिलेले. मधला नंबर माझ्या वडिलांचा होता. घामाने आकडा पुसट झाला होता आणि तिने तो वर पुन्हा गिरवला होता.

मी हात उचलला नाही. पण माझ्या मागे तेव्हा चार माणसं होती, सगळी माझ्या ओळखीची, सगळी साधी. मी उचलला असता तर त्यांनीही उचलला असता. मारहाणीच्या बातम्यांत आपण ‘समाजकंटक’ असा शब्द वाचतो. त्या रात्रीपासून हा शब्द मला सोयीचा वाटत आला आहे. समाजकंटक म्हणजे आपण सोडून बाकीचे.

रात्री १०

त्या तीन तासांत कुणीतरी काय करायला हवं असतं? यात गूढ काही नाही. जुन्या जाणत्या सिस्टर हे पुस्तक न वाचता करत आल्या आहेत. एक माणूस ठरवायचा, शक्यतो वयाने मोठा, ज्याच्या हातात सुई नाही. त्याने दर वीस मिनिटांनी बाहेर यायचं. सांगण्यासारखं काही नसलं तरी यायचं आणि तेच सांगायचं. घरच्यांपैकी दोघांना वेगळ्या खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं, स्वतःही बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. वाईट बातमीची पायरी आधी बांधायची. “हृदय थांबलं होतं, पुन्हा चालू करायचा प्रयत्न करतोय, जमेलच असं नाही.” म्हणजे शेवटचं वाक्य आभाळातून पडत नाही. आणि ते शेवटचं वाक्य बोलताना ‘गेले’, ‘वारले’ असा स्वच्छ शब्द वापरायचा. “आम्ही आमच्या परीने सगळं केलं” या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याला अर्धा मिनिट लागत नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो कुणाच्या गळ्याला हात घालेल सांगता येत नाही.

अर्थात हे सगळं दोन नातेवाइकांना पुरतं. शेकडोंना नाही. जिथे रुग्ण लोकनेता असतो तिथे डॉक्टरांच्या हातून बोलणं आपसूक सुटतं. पक्ष, पोलीस, पुढारी, सगळ्यांच्या मध्ये ती बातमी अडकते आणि कुणी, कधी, कशी सांगायची याचा निर्णय वैद्यकीय राहत नाही. सिंघानियात कुणी चुकलं असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की दाराबाहेर जमलेल्या माणसांशी बोलण्याची व्यवस्था आपल्याकडे ऑक्सिजनच्या नळीसारखी आधीपासून भिंतीत बसवलेली नसते. ती ऐन वेळी जुळवायला घेतात.

रात्री १०.३०

आनंद दिघे गेले. पन्नाशीचे होते. उद्धव ठाकरे यांनी रुग्णालयाबाहेर जमलेल्या लोकांना ती बातमी सांगितली.

ज्याच्या शब्दावर हा जमाव शांत बसायचा, तोच माणूस आत निपचित पडला होता. ठाण्यात कुठेही ठिणगी पडली की “साहेबांना बोलवा” म्हणणारे लोक ते. त्या रात्री बोलवायचं कुणाला?

साडेदहानंतर

सुमारे दीड हजारांचा जमाव आत शिरला. काचा फुटल्या, यंत्रं फुटली, गाड्या पेटल्या. मग रुग्णालयच पेटलं.

आत इतर रुग्ण होते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण त्या रात्रीच्या आठवणी सांगणारे बहुतेक जण ते विसरतात. सलाईन लावलेले, टाके ओले असलेले, यंत्राच्या श्वासावर असलेले रुग्ण. ज्यांच्या घरच्यांनी दिवसा “पायाचंच आहे” यासारखंच काहीतरी म्हटलं असेल. त्यांना बाहेर काढून दुसऱ्या रुग्णालयांत हलवावं लागलं. धुरात रुग्ण हलवणं म्हणजे काय ते जो एकदा तरी सलाईनची बाटली उंच धरून ट्रॉलीबरोबर धावला आहे त्यालाच कळेल. बाटली खाली आली की रक्त नळीत उलटं चढतं. ती बाटली धरणारे हात डॉक्टरांचे कमी आणि मामा-मावश्यांचे, सिस्टरांचे जास्त असतात. जमावाला ‘डॉक्टर’ हवा असतो. हाताला लागतात हे लोक, कारण डॉक्टर वरच्या मजल्यावर असतो आणि मावशी दारात.

सोमवार, २७ ऑगस्ट

ठाणं बंद. बदलापूर स्टेशनबाहेर शटरं खाली होती आणि शाखेच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या मजकुराला हार घातलेला होता. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी ठाण्याने त्याआधी पाहिली नसेल. दुःख खोटं नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या चाळीत त्या दिवशी दोन घरांत चूल पेटली नाही.

सिंघानिया रुग्णालय पुन्हा उघडलं नाही.

पुढे २०२२ मध्ये प्रवीण तरडे यांचा दिघ्यांवरचा ‘धर्मवीर’ हा चित्रपट आला. दिघ्यांच्या भूमिकेतल्या प्रसाद ओक यांना पाहून लोक चित्रपटगृहात हुंदके देत होते, मीही डोळे पुसले. रुग्णालयासाठी कुणी रडल्याचं मी पाहिलेलं नाही. इमारतीला जयंती नसते आणि पुण्यतिथीही नसते.

नंतरची वर्षं

नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, महाराष्ट्राने डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कागदावर कायदा चांगला आहे.

१२ मार्च २०१७ ला धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. त्या वेळी तिथे मेंदूचा शल्यविशारद नव्हता. ड्यूटीवर होता अस्थिरोग विभागाचा निवासी डॉक्टर. त्याने रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं आणि पंधरा-वीस जणांनी त्याला इतकं मारलं की एका डोळ्याची दृष्टी गेली. म्हणजे पद भरलं नाही सरकारने आणि डोळा गेला त्याचा. आठवड्याभरात मुंबईच्या शीव रुग्णालयातही निवासी डॉक्टरला मारहाण झाली. २० मार्चपासून राज्यभरातले सुमारे चार हजार निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. भीती वाटत असेल तर नोकरी सोडा, असंही तिथे त्यांना ऐकून घ्यावं लागलं. शेवटी सरकारने अकराशे सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं, एका रुग्णामागे दोनच नातेवाईक असा पास ठरला आणि ओपीडी सुरू झाल्या.

२२ एप्रिल २०२० ला, टाळ्या-थाळ्या वाजवून महिना झाला होता तेव्हा, केंद्राने साथरोग कायद्यात अध्यादेशाने बदल केला. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी आमच्या सोनिवलीतल्या बीएसयूपीच्या इमारतींत पालिकेने कोविड केंद्र थाटलं. गरिबांच्या घरांसाठी बांधलेल्या खोल्यांत खाटा लागल्या. निळ्या प्लॅस्टिकच्या पोशाखातल्या सिस्टर बाहेर येऊन फाटकापाशी उभ्या राहत आणि आत असलेल्यांची नावं घेऊन सांगत, कोण जेवलं, कुणाचा ताप उतरला. तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा. तेवढ्यावर बाहेरची माणसं घरी जायची. मी पाहिलंय हे.

कायदा, कलम, रक्षक, पास. मी यातलं काहीच फुकट म्हणत नाही. २०१० चा कायदा नसता तर कितीतरी प्रकरणांत एफआयआरच झाली नसती. पण नीट पाहिलं तर हे सगळे कायदे साडेदहानंतर सुरू होतात. हात उठल्यावर कैद, काच फुटल्यावर दुप्पट भरपाई. सव्वासात ते साडेदहा या सव्वातीन तासांसाठी आपल्याकडे काय आहे? एक लोखंडी बाकडं, आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. त्या माणसाचं खरं काम या बाकड्यावर आहे. पण तो दिवसा असतो, आणि कागद पुरे करण्यात असतो. मरण रात्रीही येतं. तेव्हा बोलायला उरते तळहातावर आकडे लिहिलेली, छत्तीस तास न झोपलेली पंचविशीतली मुलगी.

आणि मग ऑगस्ट २०२३. ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. पाचशे खाटांचं रुग्णालय, आणि त्यावर ठाण्याबरोबरच उल्हासनगर, बदलापूर, शहापूरपर्यंतचा भार. अनेक रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत, इतर ठिकाणांहून पाठवलेले. चौकशी समिती नेमली गेली, नेते आले, कॅमेरे आले. बाविसाव्या वर्षीही जिल्हा खाटा मोजतच होता. एका रात्रीत घालवलेल्या खाटा कुणी मोजल्या नाहीत. सिंघानिया असतं तर हे अठरा वाचले असते असं मी म्हणणार नाही, तसा हिशेब होत नसतो. पण कळव्याच्या कॅज्युअल्टीबाहेर एका ट्रॉलीवर दोन रुग्ण बघताना मला काय आठवलं ते लपवत नाही.

परवाची रात्र

शेजारच्या आजींना रात्री सव्वाएकला छातीत कळ आली. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, म्हणजे लवकरच म्हणायची. पोरगा चालवत होता, बाविशीचा वगैरे असेल. बारवी धरणाच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा त्याने आरशातून मागे पाहिलं.

“काका, कुठे घ्यायची? मध्यवर्तीला की कळव्याला?”

मध्यवर्ती म्हणजे उल्हासनगरचं, जवळ. पण तिथून पुढे पाठवलं तर तासभर आणखी जाणार. कळवा म्हणजे थेट तीसेक किलोमीटर, आणि खाट मिळेल याची खात्री नाही. खासगीचं नाव आजींच्या सुनेने तोंडातच ठेवलं, पैशाचं गणित तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“ठाण्यात आणखी कुठलं नाही का हो?” तिने विचारलं.

“मला तरी माहीत नाही, ताई,” पोरगा म्हणाला. त्याला ठाऊक असायचं कारणही नव्हतं. “लवकर सांगा, पुढे वळण आहे.”